सांगली-मिरजेत राहायला येतोय, दोन लहान मुलं आणि सासूबाई सोबत, कुठला भाग बघावा?

गोदाकाठची:

नमस्कार. आम्ही नाशिकचे. ह्यांना कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागलीय, सध्या एकटेच रूम घेऊन राहतायत, शाळा संपल्या की आम्ही सगळे सांगलीला येणार. सगळे म्हणजे मोठी मुलगी, जूनमध्ये पाचवीत जाईल, धाकटा साडेतीन वर्षांचा, आणि सासूबाई. सासूबाईंची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, गुडघेही दुखतात, पण घरात बसून राहणाऱ्यातल्या नाहीत, सकाळी देऊळ आणि संध्याकाळी चार बायकांशी गप्पा झाल्या नाहीत तर त्यांना चैन पडत नाही.

पहिलं वर्ष भाड्याने राहून मग विकत घ्यायचं असं ठरवलंय. पण मुलीला एकदा शाळेत घातलं की दरवर्षी बदलायची नाही, म्हणून भाड्याचं घरसुद्धा जिथे पुढे कायमचं राहता येईल अशाच भागात हवंय. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी फिरून काही घरं बघितलीत. विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, बिल्डिंग जुनी, लिफ्ट आहे, भाडं बजेटच्या वर जातंय. शंभर फुटी रोडला नवीन फ्लॅट, मोठा, हवेशीर आणि भाडं बरंच कमी. गावभागात गणपती मंदिराजवळ ओळखीच्यांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, सासूबाईंच्या मनात तोच भरलाय, देऊळ जवळ म्हणून. आणि कुपवाड रोडला एक रो हाऊस, ते थेट विकतच, एजंट म्हणतो गुंठेवारीतलं आहे पण कागद एकदम क्लिअर.

ह्यांचं म्हणणं कंपनीच्या जवळ राहू. माझं म्हणणं असं की मुलीला क्लासला, मैत्रिणीकडे सायकलवर जाता यावं, प्रत्येक वेळी मी स्कूटी काढलीच पाहिजे असं नको. इकडे आमच्या रस्त्यावर आता मूल एकटं सोडायची सोयच राहिली नाही. पुराचं आम्ही फक्त टीव्हीवर बघितलंय, त्यामुळे नक्की कुणाला काय विचारायचं तेही कळत नाही. तिथे राहणाऱ्या लोकांनी प्लीज सांगा. आणि मिरज कुणीच कसं सुचवत नाही?

विश्रामबागकर:

या या, सांगलीत स्वागत. आधी गावाची रचना समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन वेगळी गावं, १९९८ पासून एकच महापालिका. जुनी सांगली कृष्णेला चिकटून. मिरज पूर्वेला, साधारण दहा किलोमीटर. दोन्हीला जोडणारा सांगली-मिरज रोड आणि त्याच्या मधोमध विश्रामबाग. कुपवाड रेल्वे लाईनच्या पलीकडे. नदीपासून विश्रामबागकडे येता येता जमीन चढत जाते, गाडीवरून कळत नाही पण पाण्याला बरोबर कळतं, २०१९ ला निम्मी सांगली पाण्यात होती तेव्हा लोक नातेवाईकांकडे विश्रामबागलाच आले होते, आमच्याच घरात तेव्हा तीन कुटुंबं होती.

आता विश्रामबागबद्दल. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद कॉलेज १९४७ चं, म्हणजे हा भाग पहिल्यापासून शिकणाऱ्या पोरांचा. त्यामुळे क्लास, वह्या-पुस्तकांची दुकानं, मेस, दवाखाने, सगळं पायाखाली. मोठी झाडं अजून टिकून आहेत. तोटा पण त्यातूनच येतो, कॉट बेसिसवर राहणारी मुलं भरपूर, रात्री बाईक, पार्किंगवरून वादावादी, आणि भाडी चढी. म्हणून मेन रोडच्या बाजूची बिल्डिंग बघू नका, आतल्या गल्ल्या बघा. तिथे अजून बंगले आहेत, म्हातारी माणसं संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात, सासूबाईंना बायका मिळायला वेळ लागणार नाही.

बजेट बसत नसेल तर विजयनगर आणि वानलेसवाडी बघा, ती मिरजेच्या बाजूला. कलेक्टर ऑफिस विजयनगरला गेल्यापासून तिकडे वस्ती वाढलीय. भारती हॉस्पिटल तिकडेच मेन रोडवर, सासूबाईंच्या दृष्टीने मला हे फार महत्त्वाचं वाटतं, रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर गर्दीतून वाट काढत जायला नको. नेमिनाथनगर पण चांगला एरिया आहे, कल्पद्रुम क्रीडांगण आहे, सकाळी चालायला माणसं असतात, संध्याकाळी पोरं खेळतात. मात्र भाड्यात तिथेही फार फरक पडायचा नाही.

ह्यांच्या कंपनीचं एवढं मनावर घेऊ नका. सांगलीत अंतरं नाशिकसारखी नाहीत. फक्त विश्रामबागहून कुपवाडला जाताना रेल्वे लाईन ओलांडावी लागते, ते कुठून ओलांडणार आणि शिफ्टच्या वेळेला तिथे किती खोळंबा होतो ते त्यांना एकदा गाडीवर जाऊन बघायला सांगा.

आयर्विनकाठ:

ताई, मी गावभागातला. आमच्या तीन पिढ्या इथेच. तुम्ही पुराचं विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो, बाकीचं लोक सांगतीलच.

जुलै उजाडला की सांगलीत माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न, आयर्विनला किती? आयर्विन म्हणजे नदीवरचा जुना पूल, १९२९ चा, त्याच्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा वाटलं यापेक्षा जास्त काय येणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. मग २०२१ च्या जुलैत परत ५५ च्या आसपास. त्यामुळे कुणी एजंट तुम्हाला "तो एकदाच आला होता हो" म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

कारण पण समजून घ्या. नुसतं कोयनेतून पाणी सोडलं म्हणून पूर येत नाही. मधल्या सगळ्या भागात पाऊस असतो, आणि वारणा नदी हरिपूरला कृष्णेला मिळते, म्हणजे सांगलीच्या लगेच खाली. वारणा भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, तिथेच तुंबतं आणि गावात पसरतं. म्हणून सांगलीचा पूर धो धो करत येत नाही, तो चढत चढत येतो आणि उतरायला जीव खातो. तुमच्या गल्लीत ऊन पडलेलं असतं आणि पाणी एकेक पायरी वर येत असतं.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडचा नदीकडचा भाग, इथे धोका पातळीची वाट बघायला लागत नाही, त्याच्या बरंच आधी पाणी शिरतं. हे भाग लहान मुलांना घेऊन भाड्याने सुद्धा नको. मारुती चौक, शिवाजी मंडई, कोल्हापूर रोड, स्टँडचा परिसर, हे मोठ्या पुरातले.

आता गणपती मंदिराजवळचा पहिला मजला. पाणी पहिल्या मजल्यापर्यंत येणार नाही कदाचित, पण घर कोरडं राहिलं म्हणजे घरात राहता येतं असं नाही. खाली पाणी शिरलं की लाईट जाते, लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणजे टाकीत पाणी नाही. ड्रेनेज उलटं मारतं, संडास वापरता येत नाही. दूध नाही, औषध नाही. मग शेवटी बोटीतूनच बाहेर यावं लागतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना २०१९ ला खुर्चीवर बसवून जिन्यातून उतरवून बोटीत घातलं, त्यांना दम लागत होता आणि मी त्यांचा हात धरून होतो. हार्टचं माणूस घरात असताना ही वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पाणी उतरल्यावरचं तर टीव्हीवाले दाखवतच नाहीत. गाळ. बोटभर जाड, चिकट, त्याला एक वास असतो तो महिनाभर घरातून जात नाही. प्लायवूडची कपाटं फुगून दारं उघडत नाहीत, आत कपडे तसेच. नगर वाचनालयाची पुस्तकं त्या पुरात भिजली, मी तिथला लहानपणापासूनचा सभासद, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

घर बघायला जाल तेव्हा मालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "१९ ला पाणी कुठवर आलं होतं, २१ ला कुठवर?" तो हाताने दाखवेल, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत. पार्किंगमध्ये लाईटचे मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघा, पुरानंतर लोकांनी मीटर वर घेतलेत, मीटर डोक्याच्या वर असेल तर समजून जा. आणि पाटबंधारे खात्याची पूररेषा असते, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. विकत घेताना नगररचना विभागात त्या गट नंबरचं विचारून घ्याच.

आणि तरी मी गावभागातच राहणार. मंडई पायी, देऊळ पायी, भावे नाट्यमंदिर पायी, संध्याकाळी घाटावर गार वारा, कुणाच्या घरी काय शिजलंय ते गल्लीला माहिती. पूर आला की आम्हाला काय उचलायचं, कुठे हलवायचं, कुणाकडे जायचं सगळं ठरलेलं असतं. नवीन माणसाला, लहान मुलं घेऊन आलेल्याला ते जमायला वेळ लागतो. सासूबाईंना संकष्टीला रिक्षाने आणा की दर्शनाला, विश्रामबागहून किती लांब आहे.

गोदाकाठची:

आयर्विनकाठ दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या देवाला जाऊन येऊ, राहायला नको. म्हणजे गावभाग आमच्या यादीतून गेला. आता शंभर फुटी आणि ते गुंठेवारीचं कुणी समजावून सांगेल का? ह्यांना रो हाऊस फार आवडलंय, पुढे अंगण आहे, धाकट्याला खेळायला होईल म्हणतात.

साईटवरचा:

मी सिव्हिलमध्ये आहे, बांधकामं बघतो, दोन्हीचं सांगतो.

शंभर फुटी रोड म्हणजे एक एरिया धरू नका. एक टोक कोल्हापूर रोडकडे, दुसरं टोक विश्रामबागकडे. कोल्हापूर रोडच्या बाजूला शामरावनगर वगैरे सखल भाग, तिथे २०१९ ला पाणी होतं. विश्रामबागच्या बाजूला वर आलात की तो त्रास नाही. जाहिरातीत दोन्हीला "शंभर फुटी रोड टच" असंच लिहितात. तेव्हा फ्लॅट नक्की कुठल्या चौकाजवळ आहे ते सांगा, त्यावर सगळं अवलंबून आहे. भाडं "बरंच कमी" म्हणालात, त्यावरून मला अंदाज येतोय पण बघितल्याशिवाय बोलत नाही.

आणि शामरावनगरचा प्रश्न फक्त नदीच्या पुराचा नाही. साध्या पावसात सुद्धा मोकळ्या प्लॉटमध्ये पाणी साचतं आणि महिनोन् महिने हलत नाही. काळी माती, उतार नाही, पाणी जायला गटार नाही. डास, साप, आणि रस्त्याला चिखल. शाळेची व्हॅन आत येत नाही, पोरांना उचलून मेन रोडपर्यंत न्यावं लागतं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, फाउंडेशन नीट घेतलं नसेल तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात. घर बघताना खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग दिसली तर रंगावर जाऊ नका. आडवी बारीक रेष प्लास्टरची असू शकते, तिरकी आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी असेल तर तिथून निघा.

आता गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकले, एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, लेआउट मंजूर नाही, रस्ता किती सोडायचा, गटार कुठून जाणार, बाग कुठे, काही ठरलेलं नाही. लोकांनी पै पै जमवून घेतले, घरं बांधली. सांगलीत असे भाग खूप आहेत आणि तिथे राहणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. २००१ ला ह्यासाठी कायदा झाला, १ जानेवारी २००१ च्या आधीची प्रकरणं दंड-शुल्क भरून नियमित करता येतात असा, मग २०२१ ला दुरुस्ती करून ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. म्हणजे "गुंठेवारीतलं" ह्या शब्दावरून काहीच कळत नाही. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र झालंय का, ते ह्याच प्लॉटच्या नावाने आहे का, एवढाच प्रश्न. "फाईल टाकलीय", "होऊन जाईल", "सगळ्यांचं असंच आहे" ही तीन उत्तरं आली की विकत घेऊ नका.

प्रमाणपत्र असेल तर पुढे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर मालकाचं नाव स्वतंत्र आहे की सामाईक आहे ते बघा, बांधकाम परवाना बघा, घरपट्टीची पावती बघा. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर असं नसतं, एजंट लोक हे फार सांगतात. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे बँकेत जाऊन ह्या घरावर कर्ज देणार का विचारा, तुम्हाला कर्ज नको असलं तरी विचारा. त्यांचा वकील कागद तपासतो, तो नाही म्हणाला तर त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

अंगण चांगलंच आहे ओ, पण अंगणाच्या बाहेर काय आहे ते बघा. रस्ता नऊ फुटी असेल तर ॲम्ब्युलन्स आत येणार नाही, हे मी सासूबाईंसाठी सांगतोय.

मिरजवाली:

मिरज का कुणी सुचवत नाही हे विचारलंत म्हणून बरं वाटलं! सांगलीच्या लोकांना मिरज म्हणजे फक्त रेल्वे स्टेशन वाटतं 😊

तुमच्याकडे पेशंट आहे, मग मिरजेचा विचार कराच. १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातून सुद्धा लोक उपचाराला मिरजेलाच येतात. सरकारी मेडिकल कॉलेज आहे १९६२ पासून, त्याचं हॉस्पिटल आहे, आणि खाजगी डॉक्टर तर गल्लोगल्ली. (वानलेसवाडी हे नाव पण त्याच डॉक्टरांवरून, तिथे पूर्वी टीबीचं सॅनिटोरियम होतं.) माझ्या वडिलांचं सगळं दुखणं-खुपणं इथेच निघालं, रिपोर्ट, औषधं, डॉक्टर, एका रिक्षाच्या अंतरात, पुण्याला पळावं लागलं नाही.

पुराचं म्हणाल तर कृष्णाघाटाकडचा भाग सोडला तर मिरज शहर बऱ्यापैकी उंचावर आहे. जंक्शन असल्यामुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी बाजूंना गाड्या, माहेरी जायला यायला तुम्हाला सोयीचं. एमआयडीसी मिरजेहून पण काही लांब नाही.

मुलांसाठी अजून एक, मला ह्याचा फार अभिमान आहे म्हणून लिहिते. इथे सतार, तंबोरे बनवणारी घराणी आहेत, दुकानाच्या उंबऱ्यावर बसून भोपळ्याला आकार देताना बघायला मिळतात, माझी मुलगी शाळेतून येताना तिथे थांबून राहायची, त्या काकांनी तिला एकदा तार लावून वाजवायला दिली, पुढे ती गाणं शिकायला लागली ते त्यामुळेच. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते, चांगले चांगले कलाकार येतात आणि आपण खाली सतरंजीवर बसून ऐकायचं.

उणं काय तर गावातले रस्ते अरुंद, मार्केटच्या भागात गर्दी फार, तिथे मुलीला सायकल देऊ नका. त्यापेक्षा पंढरपूर रोडकडच्या किंवा सांगलीच्या बाजूच्या कॉलन्या बघा, तिथे मोकळं आहे. मात्र दोन-चार घरांपुढे नळाला पाणी कधी येतं, किती वेळ येतं विचारून घ्या, हे गल्लीगणिक बदलतं.

दोन लेकरांची आई:

सगळ्यांनी छान सांगितलंय, मी फक्त मुलांच्या बाजूने लिहिते कारण तुमच्या मुलांच्याच वयाची माझी आहेत आणि हेच सगळं डोक्यात घेऊन मी घर शोधलं होतं.

सांगली-मिरज रोड मुलांनी एकट्याने ओलांडायचा रस्ता नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं ठरवा. एसटी, सिटी बस, ट्रक, वडापच्या म्हणजे शेअर रिक्षा, सगळं त्याच रोडने, आणि वडापवाले हात दाखवला की जिथल्या तिथे थांबतात. म्हणून शाळा, क्लास आणि ग्राउंड ही तिन्ही तुमच्या घराच्या त्याच बाजूला येतील असं घर बघा. विश्रामबागला घर आणि क्लास रोडच्या पलीकडे असं झालं तर तुमची स्कूटी सुटणार नाही. मी आधी शाळा ठरवली, मग शाळेपासून पायी किती लांब जाता येईल तेवढ्याच गल्ल्यांमध्ये घर शोधलं, एजंट वैतागला पण मुलगा आता एकटा जातो-येतो. पाचवीचं आत्ताच विचारा, सेमीच्या चांगल्या शाळांचे वर्ग उन्हाळ्यातच भरतात, बदलीवाले पालक मे मध्ये येतात आणि मग मिळेल तिथे घालतात.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, रविवारी दुपारी सगळीकडेच शांत असतं. साध्या दिवशी संध्याकाळी सहाला जा आणि गल्लीत नुसते उभे राहा. पोरं बाहेर खेळतायत का, मुली आहेत का त्यांच्यात, बायका बाहेर बसल्यात का. मुली सायकलवर दिसल्या की मला बाकी काही विचारावं लागत नाही. परत एकदा रात्री नऊला जा, दिवे लागतात का आणि कोपऱ्यावर कोण उभं असतं ते कळतं. मोकाट कुत्री पण तेव्हाच कळतात, साडेतीन वर्षांच्या पोराला घेऊन हे बघायलाच हवं. शक्य असेल तर एक चक्कर पाऊस पडून गेल्यावर.

सासूबाईंसाठी लिफ्ट आहे म्हणून तिसरा मजला चालेल असं धरू नका. लाईट गेली की लिफ्ट बंद, सगळ्या जुन्या बिल्डिंगला बॅकअप नसतो. आमच्या आत्याबाई जिना नको म्हणून दोन दोन दिवस खाली उतरायच्या नाहीत, मग पाय अजूनच धरले. उंचावरचा भाग असेल तर पहिला मजला किंवा जोत्यावरचं बैठं घर बघा, आतल्या गल्लीत बंगल्याचा खालचा भाग भाड्याने मिळतो, मालक वर राहतात. ते फ्लॅटपेक्षा स्वस्त पडतं, अंगण मिळतं, ह्यांची अंगणाची हौस पण भागेल. फक्त मालकांचं जेवणाखाण्यावरून, पाहुण्यांवरून काही म्हणणं आहे का ते आधीच मोकळेपणाने विचारा.

माधवनगरचा:

माधवनगर पण बघा की. पेठा एकदम सरळ आखलेल्या, शांत, माणसं धरून राहणारी. कुपवाड जवळ पडतं. महापालिकेत येत नाही, ग्रामपंचायत आहे, त्यामुळे पाण्याचं, कचऱ्याचं तिथलं तिथे विचारायचं. सांगलीत यायला चिंतामणीनगरच्या बाजूने रेल्वे ओलांडावी लागते, शाळा सांगलीत घेणार असाल तर हा विचार करा.

विश्रामबागकर:

दोन लेकरांच्या आईचं बंगल्याच्या खालच्या भागाचं एकदम पटलं, माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अशी घरं एजंटकडे कमी असतात, मालक गेटवर पाटी लावतात नाहीतर ओळखीतून देतात. वालचंदच्या मागच्या गल्ल्या आणि नेमिनाथनगर पायी फिरा, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा, त्यांना कुठलं घर कधी रिकामं होणार ते मालकाच्या आधी माहिती असतं. आणि ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करूनच घ्या. मुलीच्या शाळेत, गॅसला पत्त्याचा पुरावा म्हणून तेच लागतं.

गोदाकाठची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं. रात्री सगळं ह्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते आज कामावरून सुटल्यावर त्या शंभर फुटीच्या फ्लॅटपाशी जाऊन आले, किराणावाल्याला विचारलं, त्याने काही न बोलता शटरवर छातीएवढ्या उंचीवर हात ठेवून दाखवला. त्यामुळे तोही गेला. रो हाऊसवाल्याकडे प्रमाणपत्र मागितलं तर "फाईल टाकलीय" हेच उत्तर. साईटवरचा दादा, तुमचे विशेष आभार, आमचे पैसे अडकले असते.

आता असं ठरवलंय की पुढच्या आठवड्यात मी सासूबाईंना आणि मुलीला घेऊन येते, दोन दिवस लॉजवर राहून आधी शाळा बघणार, मग नेमिनाथनगर, विश्रामबागच्या आतल्या गल्ल्या आणि वानलेसवाडी पायी फिरणार. संध्याकाळी सहाला नक्की जाणार. मिरजेला पण एक चक्कर, हार्टच्या डॉक्टरांना फाईल दाखवून घेते म्हणजे कुणाकडे जायचं ते ठरून जाईल. एकच विचारायचं राहिलं, धाकट्याला जूनपासून बालवाडीत घालायचंय, ती मोठीच्या शाळेतच हवी का घराजवळ कुठलीही चालेल?

दोन लेकरांची आई:

घराजवळची, पायी पाच मिनिटांची. एवढ्या लहान पोराला व्हॅनमध्ये घालू नका, उन्हात सगळीकडे फिरवून शेवटी आणून सोडतात. आणि सासूबाईंना त्याला सोडायला-आणायला जाता आलं तर त्यांचं चालणं पण होईल आणि तिथे बाकीच्या आज्या भेटतील. आलात की मेसेज करा, नेमिनाथनगरला मी सोबत येते फिरायला.